खुर्चीखालचं लिंबू

आमच्या प्रभागाची जागा महिलांसाठी राखीव निघाली त्या दिवशी मी घरी येऊन भर दुपारी पांघरूण ओढून झोपलो. कोळसा खाणीतून निवृत्त झाल्यापासून मी नगर परिषदेच्या निवडणुकीची वाट बघत होतो. निवडणूक काही लागत नव्हती. कितीतरी वर्षं प्रशासकाचंच राज्य चाललं, आणि शेवटी ती लागली तेव्हा सोडतीत माझाच पत्ता कापला गेला. मग बायको उभी राहिली. तिला मी उभं केलं असं मी चारचौघांत सांगायचो. खरं म्हणजे तिच्या बचत गटाच्या बायकांनी ते आधीच ठरवून टाकलं होतं. मला फक्त बॅनरवर कुठला फोटो लावायचा एवढं विचारलं, आणि माझा फोटो खाली कोपऱ्यात लावला.

ती निवडून आली आणि माझा स्वभाव बिघडला. तसा मी मुळातच संशयी माणूस. खाणीत डंपर चालवणाऱ्याने ब्रेकवरसुद्धा पूर्ण भरवसा ठेवायचा नसतो. पण आता मला जो तो काहीतरी मनात धरून बोलतोय असं वाटायला लागलं. आजवर मान वळवून जाणारे लोक लांबून हात जोडत होते. एका कंत्राटदाराने पेढ्यांचा डबा पाठवला, तर तो मी दिवसभर खिडकीत ठेवून मुंग्या लागतात का ते बघत बसलो. बायकोने संध्याकाळी तो डबा उचलून अंगणवाडीतल्या पोरांना वाटून टाकला आणि मला म्हणाली, असंच चाललं तर पाच वर्षांत तुम्ही वेडे व्हाल.

संशय घ्यायला घरातच एक जागा होती. माझी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. ऐन प्रचारात तिला मुलगी झाली. तिच्या बाळाला रोज सकाळी तेल लावून न्हाऊ घालायला गल्लीतली मावशी यायची. गल्लीतल्या निम्म्या पोरांची हाडं तिच्याच हाताखाली सरळ झालेली. नवरा केव्हाच वारला, मुलगा तेलंगणात कामाला, ती एकटीच राहते. आणि हीच मावशी माझ्या बायकोच्या विरोधात उभी होती. तिला कुणी उभं केलं, पैसे कुणी भरले, मतं फोडायला केलं का, यावर मी किती रात्री जागलो असेन. ती मात्र एकच गोष्ट सांगत फिरायची. गल्लीच्या टोकाची उघडी नाली बांधून पाहिजे. त्या नालीच्या डासांनी तिच्या हातातली पोरं तापाने फणफणतात, एवढंच तिचं भाषण होतं.

मावशी पडली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळी तेलाची वाटी मागत आमच्या दारात उभी. मी गारच पडलो. बायकोने तिला आत घेतलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी पडली म्हणून का बाळाले आंघोळ नाई?" बायको हसली. मला मात्र ते फार साधं वाटलं. माणूस हरल्यावर असं बोलत नसतो, असं माझं त्या वेळी ठाम मत होतं.

नव्या नगर परिषदेची पहिली सभा ठरली. उपाध्यक्ष निवडायचा होता, हात वर करून. इतकी वर्षं सभागृह बंदच होतं. त्यात डास मारायची धुराची यंत्रं, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या योजनांचे फ्लेक्स भरून ठेवलेले. ते सगळं काढून धुऊनपुसून घेतलं होतं. दारावर नोटीस लावली होती की सभासदांशिवाय कुणालाही पुढच्या भागात प्रवेश नाही, लोकांसाठी मागची बाकं आहेत आणि महिला सदस्यांच्या नातेवाइकांनी सभागृहात बसू नये. हे शेवटचं वाक्य आम्हाला उद्देशून होतं हे सांगायला नको. आम्ही नवरे मंडळी आवारातल्या कडुनिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर बसलो. समोर चहाची टपरी, मागे घुग्घुसकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ. एकमेकांच्या बायका आत काय करणार यावर आम्ही एकमेकांना विचारत होतो आणि कुणीच खरं सांगत नव्हतं.

माझ्या शेजारी सिमेंट-लोखंडाचं दुकान असलेला एक जण बसला होता. त्याची बायको शेजारच्या प्रभागातून आलेली, आमच्याच गटाची. माणूस बोलघेवडा, हसरा. दुकानाच्या दारात दर शनिवारी ताजं लिंबू-मिरची टांगणारा. मी त्याच्यावर सर्वांत जास्त नजर ठेवून होतो, कारण निकालापासून तो मला रोज चहा पाजत होता.

त्या दिवशी सकाळी आणखी एक प्रकार झाला होता. सभागृहात टेबलांवर प्रभागाच्या पाट्या आदल्या संध्याकाळीच लावून ठेवल्या होत्या. सकाळी आमच्या गटाच्या पुढाऱ्याने येऊन त्या बदलायला लावल्या. आपल्या सगळ्या बायका एका रांगेत बसल्या पाहिजेत, म्हणजे कुणाचा हात वर जातो आणि कुणाचा खाली राहतो ते शेजारणीला दिसेल, असं त्याचं म्हणणं. मला तेव्हा ती युक्ती फार आवडली होती.

सभा सुरू व्हायच्या जरा आधी आतून गलका ऐकू आला. आम्ही सगळे उठून दाराशी गेलो, शिपायाने अडवलं. आत काय झालं ते नंतर कळलं. माझ्या बायकोचा चष्म्याचा डबा खाली पडला. तो उचलायला ती वाकली, तर खुर्चीच्या पायाशी एक लिंबू. मधोमध चिरलेलं, कुंकू भरलेलं, काळ्या दोऱ्याने बिब्बा बांधलेला. शेजारची किंचाळली. दोन-तीन बायका उठून भिंतीला लागल्या. माझ्या बायकोने ते लिंबू दोन बोटांनी उचललं, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकलं, रुमालाला बोटं पुसली आणि सभा सुरू करा म्हणाली. उपाध्यक्ष आमच्याच गटाचा झाला.

मी हे सारं अभिमानाने सांगत सुटलो असतो. आमच्या घरात माझ्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतल्यावर देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले होते. नजर, करणी, अंगात येणं यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. लिंबू वरणावर पिळायचं असतं, असं वडील म्हणायचे आणि खरोखरच पिळायचे. त्या वडिलांचा मी मुलगा. पण तेवढ्यात शिपाई बोलून गेला की सकाळी पाट्या बदलून झाल्यावर मावशी आली होती. लोकांच्या बाकावर नाही, पुढे जाऊन ती नेमकी माझ्या बायकोच्या खुर्चीवर बसली होती. त्याने हटकलं तशी उठून निघून गेली.

हे ऐकून बाकावरच्यांची कुजबुज सुरू झाली. दुकानवाला तेवढा टपरीकडे चहाचे पैसे द्यायला निघून गेला, आणि त्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. मला तर सगळं जुळल्यासारखंच वाटलं. निकालानंतरचं तिचं ते साधं बोलणं, रोज आमच्या घरात येणं, बाळाला मांडीवर घेणं.

गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. दुपारी ते नुसतं लिंबू होतं. संध्याकाळपर्यंत त्यात टाचण्या आल्या. दुसऱ्या दिवशी त्यात बाईचे केस होते आणि तिसऱ्या माणसाने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि सभेच्या दिवशीच संध्याकाळी आमचं बाळ रडायला लागलं. पोट दुखत असेल, सगळीच बाळं रडतात, मुलगीही तेच म्हणत होती. मी अंगणात येरझारा घालत होतो आणि माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको लवकर बाहेर पडली होती. प्रभागात पाणी आलं नव्हतं, लोक तिला बोलवायला आले होते. मावशी नेहमीच्या वेळी आली. मी फाटकाला आतून कडी लावून उभाच होतो. म्हणालो, "आज राहू द्या मावशी, बाळ झोपलं आहे."

आत बाळ जोरजोरात रडत होतं. आम्ही दोघंही ते ऐकत होतो. मावशीने एकदा घराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पदराला हात पुसले, जणू तेल लागलंच होतं, आणि वळून गेली. मला शरम वाटली आणि कडी लावली हेही बरं वाटलं, दोन्ही एकाच वेळी.

बायकोला दुपारी कळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती जेवली नाही. फक्त म्हणाली, "तुमच्या बाबानं टाक नदीत सोडले, न् तुम्ही फाटकाले कडी लावता?"

मी तिला उलट विचारलं की मग ती बाई तुझ्याच खुर्चीवर काऊन बसली होती, ते सांग. ती तशीच उठून मावशीच्या घरी गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मावशीने सांगितलं होतं की ती नुसती बघायला गेली होती. निवडून आली असती तर जिथे बसली असती ती जागा कशी असते, एवढंच. मग सभागृहाच्या खिडकीकडे तिची नजर गेली. "पाहून राह्यली होती म्हणे, इथून आपली नाली दिसते का नाई," बायको म्हणाली.

मला ते ऐकून काय वाटलं ते मी इथे सरळ लिहितो. मला वाटलं, किती छान बनवून सांगितलंय. माझा विश्वास बसला नाही.

माझ्यासारखे इतरही होते. गल्लीत दोन घरी तान्ही बाळं होती, त्यांनीही मावशीला येऊ नको म्हणून कळवलं. मग सार्वजनिक नळावर ती आली की बायका घागरी बाजूला सरकवायला लागल्या. किराणा दुकानात दुकानदार तिला पैसे हातात न देता फळीवर ठेवायला सांगायचा. आमच्या या पट्ट्यात अशा गोष्टी कुठे जातात हे माहीत नसलेला एकही माणूस इथे नाही. कुठल्यातरी गावात कुणाला तरी खांबाला बांधल्याचं आपण ऐकतो, हळहळतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. आमच्या चौकातली पोरं आता म्हणायला लागली होती की रविवारी संध्याकाळी मावशीला चौकात बोलावून सगळ्यांसमोर विचारू. नुसतं विचारू, असंच ती म्हणत होती.

त्या नुसतं विचारूची मला भीती वाटली. मावशीबद्दलचा संशय गेला नव्हता, तरीही वाटली. विषय समित्यांच्या सभेसाठी बायको आत गेली होती, मी बाकावर बसलो होतो. शेजारी दुकानवाला. मी त्याला रविवारचं सांगितलं. पोरं दारू पिऊन येतील, काही बरंवाईट झालं तर माझ्या बायकोच्या माथी येईल, असंही म्हणालो. तो चहाचा कप हातात धरून तसाच बसून राहिला. चहावर साय आली. मग इकडेतिकडे पाहून अगदी हळू बोलला.

"भाऊ, ते लिंबू माह्यं होतं."

त्याने सगळं सांगितलं. त्याची बायको घाबरट, पहिल्यांदाच सभेत बसणार. विरोधकांची नजर लागू नये म्हणून त्याने एका बाबाकडून ते लिंबू भारून आणलं आणि सभेच्या आदल्या संध्याकाळी सभागृहात जाऊन तिच्या पाटीसमोरच्या खुर्चीखाली ठेवलं. "करणी नाई भाऊ, राखण होती ते. मले का मालूम, सकाळी पाट्या बदलवतील म्हणून." एवढं बोलून त्याने माझा हात धरला आणि कुणाला सांगू नका म्हणाला. त्याची बायको पाणीपुरवठ्याची सभापती व्हायची होती. लोक हसतील, कायद्याचं लफडं होईल, विरोधकांना आयतं कोलीत मिळेल.

मला इतका राग आला की मी त्याचा हात झटकला. राग त्याच्या लिंबाचा नव्हता. हा माणूस इतके दिवस माझ्या शेजारी बसून चहा पीत होता, मावशीचं नाव ऐकत होता, मान हलवत होता. आणि मी, ज्याने त्याच्यावर सर्वांत जास्त नजर ठेवली होती, त्या मलाच काही दिसलं नव्हतं. आपली माणसं फुटू नयेत म्हणून आम्ही रांग बदलली, आणि राखण करणारं लिंबू भलत्याच खुर्चीखाली जाऊन करणी झालं.

मी त्याला चौकात येऊन सांग म्हणालो. त्याने मान खाली घातली आणि वर केलीच नाही. तेव्हा मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिने पायात चपला घातल्या आणि दुकानवाल्याच्या घरी गेली, त्याच्याकडे नाही, त्याच्या बायकोकडे. दोघी स्वयंपाकघरात दार लोटून कितीतरी वेळ बसल्या. काय बोलल्या ते आजवर मला कळलेलं नाही आणि मी विचारलं की बायको विषय बदलते.

रविवारी संध्याकाळी चौकात माणसं जमली. मावशीला कुणी बोलवायच्या आधीच ती स्वतः आली होती आणि पानठेल्याच्या पायरीवर बसली होती. पोरांनी बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात ती घाबरट म्हणून सांगितलेली नगरसेविका पुढे झाली. "लिंबू माह्या नवऱ्याचं होतं. माह्या खुर्चीसाठी ठेवलं होतं. कोणाले विचारायचं असन तर त्याले विचारा, तो उभा आहे." नवरा खरंच मागे उभा होता, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

मग कोणीतरी हसलं, आणि सगळा चौक हसायला लागला. दुकानवाल्याला विचारायला लागले, आमच्या मोटारसायकलला पण एखादं भारून दे. पोरं पांगली. इतका मोठा विषय इतक्या स्वस्तात संपला याचं मला आश्चर्य वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा संशयही आला. घरी जाताना दोघंतिघं बोलत होते की बाईने आपल्या अंगावर घेतलं, मतांसाठी करतात असं. कोण जाणे. त्या गर्दीत मावशीजवळ जाऊन चुकलं म्हणणारा एकही माणूस नव्हता, आणि मीही तिच्यापासून चार हात दूरच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, फाटकाची कडी तुम्ही लावली होती, बोलवायला तुम्हीच जा. मी गेलो. मावशी अंगणात भांडी घासत होती. मी बाळाचं म्हणालो. तिने हात धुतले आणि माझ्या मागोमाग आली.

मुलीने पाट मांडला, तेलाची वाटी आणून ठेवली. मावशी पाय लांब करून बसली, पण बाळाला घेतलं नाही. तिने आपले दोन्ही हात माझ्यासमोर धरले. तळवे दाखवले, पालथे केले, पुन्हा उताणे केले. बोटं पसरली. पदराचं टोक झटकून दाखवलं.

"पाहून घ्या भाऊ," ती म्हणाली. "न् मी जाईन तवापर्यंत इथीच उभे राहा."

मी म्हणालो, याची काही गरज नाही मावशी.

"तुमाले नसन," ती म्हणाली. "मले आहे."

मग तिने बाळाला पायांवर घेतलं आणि नेहमीसारखं गुणगुणत तेल लावायला लागली. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. बायको आतल्या दारातून बघत होती.

नालीचा विषय बायकोने पुढच्याच सभेत मांडला. सगळे हात वर गेले, आमचे आणि त्यांचे पण. काम अजून कागदावरच आहे. होईल तेव्हा खरं. दुकानवाला आता मला चहा विचारत नाही. मुलगी सासरी जायची तारीख जवळ आली आहे, बाळ मान धरायला लागलं आहे, मावशीच्या हातात हसतं.

मावशी रोज येते. मी रोज म्हणतो, राहू द्या आता. ती ऐकत नाही, बाळाला घेण्याआधी दोन्ही हात उघडून माझ्यासमोर धरते. नजर दुसरीकडे ठेवायची असं मी रोज ठरवतो. आणि तिने हात पुढे केले की मी बघतो.